जेराल्ड ड्युरेल वाचायला घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्युरेल यांच्या पुस्तकांबद्दल वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी अगदी प्राथमिक, मग आडवळणाचे. एकाच गोष्टीचा दोन ठिकाणी संबंध आला तर उत्तर एकदाच दिले आहे आणि दुसरीकडे प्रश्नाचा क्रमांक.

1. ड्युरेल म्हणजे नक्की कोण? लेखक की प्राणिसंग्रहालयवाले?

दोन्ही, आणि लेखक झाले ते मुख्यतः प्राण्यांपायी. जन्म 7 जानेवारी 1925, जमशेदपूर. वडील इंजिनिअर, 1928 मध्ये ते वारले आणि आई मुलांना घेऊन इंग्लंडला गेली. 1935 ते 1939 हे कुटुंब ग्रीसच्या कॉर्फू बेटावर राहिले. युद्धाच्या तोंडावर ते परतले. 1945 मध्ये ड्युरेल विप्स्नेडच्या प्राणिसंग्रहालयात शिकाऊ रखवालदार म्हणून लागले. एकविसाव्या वर्षी वारसाहक्काने तीन हजार पौंड हाती आले, ते त्यांनी प्राणी पकडून आणण्याच्या मोहिमांवर उडवले. पैसे संपले तेव्हा लिहायला बसले. पहिले पुस्तक 'द ओव्हरलोडेड आर्क', 1953. पुढे 1959 मध्ये जर्सी बेटावर स्वतःचे प्राणिसंग्रहालय उघडले आणि 1963 मध्ये त्याच्याभोवती संवर्धनाचा ट्रस्ट उभा केला. मृत्यू 30 जानेवारी 1995.

लेखनाचा त्यांना मनापासून कंटाळा होता आणि ते तो लपवत नसत. पानांवर मात्र तो कुठे जाणवत नाही.

2. एकच पुस्तक वाचणार आहे. कोणतं?

'माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स' (1956). दहा वर्षांचा जेरी (म्हणजे ड्युरेल स्वतः), त्याची विधवा आई, लेखक होऊ घातलेला मोठा भाऊ लॅरी, बंदूकवेडा लेस्ली, मुरुमांनी आणि प्रेमप्रकरणांनी त्रासलेली मार्गो आणि रॉजर नावाचा कुत्रा, एवढी मंडळी कॉर्फूला जाऊन राहतात. जेरी घरात जे जे आणतो (कासव, घुबडाचे पिल्लू, पाणसाप, मॅगपाय पक्ष्यांची जोडी, खुनाबद्दल शिक्षा भोगणाऱ्या कैद्याकडून मिळालेला सीगल) त्यावरून घरात जे जे होते, ते हे पुस्तक.

रचना सोपी आहे. कुटुंबाने बदललेल्या तीन बंगल्यांचे तीन भाग (गुलाबी, पिवळा, पांढरा), प्रत्येकात सहा, अशी एकूण अठरा प्रकरणे. जवळजवळ प्रत्येक प्रकरण स्वतंत्र वाचता येते.

3. पहिली तीस पानं वाचली. झाडं, ऊन, समुद्र, किडे... विनोदी म्हणून घेतलं होतं. सोडून देऊ का?

सोडू नका, पण क्रम बदला. नववे प्रकरण, 'द वर्ल्ड इन अ वॉल', आधी वाचा. मग पहिल्यापासून सुरू करा.

तेच प्रकरण का, हे सांगायला हवे, कारण ड्युरेल यांचा विनोद कसा चालतो ते तिथे उघडे पडते. सुरुवातीची कितीतरी पाने फक्त बागेच्या जुन्या, पापुद्रे सुटलेल्या भिंतीची आहेत. दिवसा तिथे कोण राहते, रात्री कंदील घेऊन गेले की कोण बाहेर येते, विंचू एकमेकांच्या नांग्या धरून कसे फेर धरतात, मादी आपली पिल्ले पाठीवर कशी वागवते. हे सगळे एखाद्या निसर्ग अभ्यासकाच्या वहीइतके काटेकोर आहे. मग जेरी अशी एक लेकुरवाळी मादी काडेपेटीत घालून घरी आणतो आणि जेवणाची वेळ होते. पुढे काय होते ते सांगून मजा घालवत नाही. पण ती पेटी उघडली जाते तेव्हा टेबलावर नेमके काय उतरले आहे, किती आहे आणि कुठे पळणार आहे, हे वाचकाला जेरीइतकेच माहीत असते. बाकीच्या घराला काहीच माहीत नसते. हसू तिथून येते. वर्णन गाळून थेट जेवणाच्या टेबलावर पोचलात तर उरतो तो निव्वळ आरडाओरडा.

बहुतेक प्रकरणांची घडण अशीच आहे: आधी निरीक्षण, मग घरात स्फोट. म्हणून एका बैठकीत एक प्रकरण पुरे. सलग पाच वाचली की वर्णने एकमेकांत मिसळतात आणि तुम्ही म्हणता तो कंटाळा येतो.

4. माझं इंग्रजी बेताचं आहे. जमेल का?

गोष्ट कळायला जमेल. अडखळायला होते ते ठरावीक जागी.

झाडाफुलांची नावे: सायप्रस, ऑलिव्ह, मर्टल, फ्यूशिया. प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहू नका. ऑलिव्हची बाग आणि सायप्रसचे उंच, शेलाटे झाड यांची छायाचित्रे एकदा पाहून घेतली की पुष्कळ भागते.

स्पिरोचे बोलणे: हा टॅक्सीवाला अमेरिकेत राहून आलेला आहे आणि जवळजवळ प्रत्येक शब्दाला शेवटी 'स' लावतो. ती छपाईची चूक नव्हे, की व्याकरणाचा नवा नियमही नव्हे.

लॅरीची भाषणे: मुद्दाम लांब, जड आणि नाटकी. सगळे शब्द कळले नाहीत तरी तो कशाबद्दल तक्रार करतो आहे एवढे कळले की झाले. बहुतेकदा ते जेरीच्या प्राण्यांबद्दलच असते.

पश्चिम आफ्रिकेतल्या कॅमेरूनच्या पुस्तकांतली (प्रश्न 8) पिजिन इंग्रजी, म्हणजे तिथली मिश्र बोली, ही वेगळी बाब आहे. ती डोळ्यांनी वाचली तर गोंधळ होतो, मोठ्याने वाचली की उलगडते. एक शब्द आधीच माहीत हवा: तिथे 'बीफ' म्हणजे कोणताही रानटी प्राणी, मग तो खारीएवढा का असेना.

5. कॉर्फूची तीन पुस्तकं आहेत म्हणे. क्रमानेच वाचावी लागतात का?

क्रम आहे तो प्रकाशनाचा: 'माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स' (1956), 'बर्ड्स, बीस्ट्स अँड रिलेटिव्ह्ज' (1969), 'द गार्डन ऑफ द गॉड्स' (1978). घटनांचा क्रम तसा नाही. पहिले पुस्तक कुटुंब बेट सोडते तिथे संपते, तरीही दुसरे आणि तिसरे पुन्हा त्याच चार वर्षांत शिरतात आणि राहून गेलेले प्रसंग सांगतात. 'मागच्या पुस्तकात गेले ते इथे परत कसे?' ही शंका येते ती यामुळे.

तरी पहिले आधी वाचा. पात्रांची ओळख तिथेच नीट करून दिलेली आहे आणि पुढची दोन ती गृहीत धरतात. दुसऱ्या-तिसऱ्याची अदलाबदल झाली तर काही बिघडत नाही. तिसरे त्यातल्या त्यात पातळ आहे. प्रसंग धमाल आहेत, पण निसर्ग मागे सरकतो. तिन्ही पुस्तके 'द कॉर्फू ट्रिलॉजी' या नावाने एकाच खंडातही मिळतात. तो खंड जाडजूड आहे; प्रवासात वाचणार असाल तर सुटी पुस्तके बरी.

याखेरीज कॉर्फूचे सुटे तुकडे कथासंग्रहांत विखुरलेले आहेत. त्याबद्दल प्रश्न 11 पाहा.

6. यातलं खरं किती?

प्राणी जवळजवळ सगळे खरे, माणसे खरी पण चोपडून-घासून घेतलेली, कालक्रम सोयीचा.

सर्वांत मोठा फरक लॅरीचा. पुस्तकात तो अविवाहित आहे आणि सगळ्यांबरोबर राहतो. प्रत्यक्षात लॉरेन्स ड्युरेल यांची पत्नी नॅन्सी त्यांच्यासोबत होती आणि ती दोघे बराच काळ बेटाच्या ईशान्येला कलामी इथे वेगळी राहत. नॅन्सी पुस्तकात औषधालाही नाही. कारण उघड आहे: जेवणाच्या टेबलावर तक्रार करायला लॅरी हजर हवा. आईच्या आयुष्यातला एकटेपणा आणि दारूही पुस्तकाने बाजूला ठेवली आहे.

डॉ. थिओडोर स्टेफनाइडिस मात्र पूर्णपणे खरे. वैद्य, शास्त्रज्ञ, सूक्ष्मदर्शक घेऊन हिंडणारे, दाढीवाले, लाजाळू, कोट्या करणारे. जेरीला निरीक्षणाची शिस्त लागली ती त्यांच्यामुळे. स्पिरो हादेखील खराखुरा माणूस होता, आडनाव हालिकिओपुलोस.

तेव्हा हे पुस्तक चरित्राचा पुरावा म्हणून कुणी पुढे केले तर जपून. विंचवाच्या वागणुकीचा पुरावा म्हणून बऱ्यापैकी चालेल.

7. कॉर्फू संपलं. आता पुढचं कोणतं?

इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण पुढची पुस्तके वेगळ्या जातीची आहेत. कुटुंब जवळजवळ नाहीसे होते. लेखक आता मोठा माणूस आहे आणि जंगलात पिंजरे घेऊन बसला आहे. विनोद येतो तो स्वतःच्या फजितीतून, सामानातून आणि प्राण्यांच्या हट्टांतून. तुम्हाला कॉर्फूत काय आवडले त्यावर पुढचे ठरवा.

माणसांचे नमुने आवडले असतील तर 'द बाफुट बीगल्स' (1954). कॅमेरूनच्या गवताळ डोंगराळ भागातल्या बाफुटचा राजा, ज्याला फोन म्हणतात (टेलिफोनशी संबंध नाही), हे त्यातले मोठे पात्र. ड्युरेल त्याच्या दरबाराला कोंगा नाच शिकवतात. हेच पुस्तक आम्ही सर्वांत आधी सुचवतो.

एखाद्या प्राण्याचा लळा लागण्याची गोष्ट हवी असेल तर 'द ड्रंकन फॉरेस्ट' (1956). अर्जेंटिना आणि पॅराग्वे, 1954. सारा हगरसॅक नावाचे मुंगीखाऊचे पिल्लू त्यात आहे. मात्र तयारीने वाचा: पॅराग्वेत क्रांती होते आणि महिनोन्महिने जमवलेले बहुतेक प्राणी सोडून द्यावे लागतात.

भूप्रदेश हवा असेल तर 'द व्हिस्परिंग लँड' (1961). पूर्वार्ध पॅटागोनियाच्या किनाऱ्यावरचा: पेंग्विन, फर सील, एलिफंट सील. वर्णनकार म्हणून ड्युरेल इथे ऐन भरात आहेत. उत्तरार्ध विस्कळीत वाटतो.

उशिराच्या पुस्तकांत 'गोल्डन बॅट्स अँड पिंक पिजन्स' (1977) चुकवू नका. मॉरिशस, रॉड्रिग्ज आणि राउंड आयलंड. वटवाघळांना आमिष म्हणून विमानातून फणस नेण्याचा प्रसंग आहे. फणसाच्या वासावर ते जी आगपाखड करतात ती मराठी नाकाला पटेलच असे नाही.

8. कॅमेरूनची पुस्तकं कोणत्या क्रमाने? मी मधलं आधी वाचलं आणि काहीच संदर्भ लागेना.

तीन मोहिमा, तीन पुस्तके. 'द ओव्हरलोडेड आर्क': 1947-48 ची पहिली मोहीम, पक्षितज्ज्ञ जॉन यीलँड यांच्यासह, बरीचशी घनदाट पर्जन्यवनात. 'द बाफुट बीगल्स': 1949, गवताळ प्रदेश. 'अ झू इन माय लगेज' (1960): 1957 ची तिसरी मोहीम, पत्नी जॅकी सोबत.

पहिल्या दोघांचा क्रम उलटला तर चालतो. तिसरे मात्र दुसऱ्यानंतरच वाचा. बाफुटच्या राजाची तिथे पुन्हा भेट होते आणि ती जुन्या ओळखीवर उभी आहे. शिवाय तिसऱ्यात प्रश्नच बदलतो: प्राणी दुसऱ्या प्राणिसंग्रहालयांना विकायचे नाहीत, स्वतःकडे ठेवायचे, पण जागा नाही. ते काही काळ बोर्नमथला मार्गोच्या घरामागच्या बागेत राहतात. तिथून गोष्ट जर्सीला जाते (प्रश्न 10).

'द न्यू नोआ' (1955) वेगळे धरू नका. ते पहिल्या मोहिमांतलेच प्रसंग मुलांसाठी सोपे करून सांगते. आधीची पुस्तके वाचली असतील तर त्यात नवे फारसे नाही.

9. प्राणी पकडणं, विकणं, आफ्रिकी माणसांबद्दलचा सूर... हे खटकतं. दुर्लक्ष करून वाचायचं का?

दुर्लक्ष करायची गरज नाही. खटकते ते खटकू द्या.

सुरुवातीच्या पुस्तकांत पोकळ झाडांत धूर करून प्राणी बाहेर काढतात, गावकऱ्यांना पैसे देऊन जिवंत प्राणी विकत घेतात आणि ते प्राणिसंग्रहालयांना विकतात. त्या काळी हा राजरोस धंदा होता. आंतरराष्ट्रीय प्राणिव्यापारावर बंधने घालणारा साइट्स करार अमलात आला तो 1975 मध्ये. वसाहतकाळाचा सूरही आहे: नोकरांना हाका मारण्याची पद्धत, राजाच्या पिण्यावरचे विनोद. बाफुटच्या राजाबद्दल ड्युरेल यांना खरी माया आहे आणि शहाणपणात तो पाहुण्याहून कमी दाखवलेला नाही. तरीही कॅमेऱ्यामागे कोण आहे हे वाचताना विसरता येत नाही.

फरक दिसतो तो पुस्तके लागोपाठ वाचल्यावर. 1953 च्या पुस्तकात दुर्मीळ प्राणी हाती लागल्याचा निखळ आनंद आहे. 1977 च्या पुस्तकात प्राणी पकडतात ते जर्सीत प्रजनन करून ती जात वाचवण्यासाठी, आणि मोजूनमापून. मॉरिशसच्या ससाण्याची अवस्था 1974 मध्ये अशी होती की रानात फक्त चार पक्षी माहीत होते. हा बदल कुठल्याही प्रस्तावनेपेक्षा पुस्तकांतूनच चांगला कळतो.

10. जर्सीच्या प्राणिसंग्रहालयाबद्दल कोणतं वाचावं?

'मेनाजरी मॅनर' (1964). संग्रहालय 26 मार्च 1959 रोजी ले झोग्रे मॅनर या जुन्या वाड्यात उघडले, त्याची पहिली काही वर्षे यात आहेत. हसवणारे आहे आणि लहानसे आहे. 'द स्टेशनरी आर्क' (1976) हसवण्यासाठी लिहिलेले नाही. प्राणिसंग्रहालये कशी असावीत, पिंजऱ्यात काय चुकते, यावरचा तो युक्तिवाद आहे. विषयाची ओढ असेल तरच घ्या. त्याआधीचा विप्स्नेडचा काळ 'बीस्ट्स इन माय बेलफ्री' (1973) मध्ये.

11. कथासंग्रह घेतला आणि शेवटी एक भयंकर गोष्ट निघाली! हे त्यांचंच पुस्तक का?

त्यांचेच. 'द पिकनिक अँड सचलाइक पँडेमोनियम' (1979) हा तो संग्रह. पहिली गोष्ट कुटुंबाची सहल, पोट धरून हसवणारी. शेवटची 'द एंट्रन्स' ही सरळसरळ भयकथा. मुलांना मोठ्याने वाचून दाखवत असाल तर ती आधी स्वतः वाचून घ्या.

'फिलेट्स ऑफ प्लेस' (1971) जास्त सुरक्षित: पाच गोष्टी, पहिली कॉर्फूची. 'मॅरीइंग ऑफ मदर' (1991) मध्येही शीर्षककथा कॉर्फूची आहे, पण ते खुशाल कल्पित समजा. 'रोझी इज माय रेलेटिव्ह' (1968) ही दारूची आवड असलेल्या हत्तिणीची कादंबरी.

12. मुलांना कोणत्या वयात द्यावं?

स्वतः वाचणार असतील तर साधारण बाराव्या वर्षापासून 'माय फॅमिली'. वाचून दाखवणार असाल तर आठ-नऊ वर्षांनाही प्रकरणे निवडून चालतील: गुलाबावरचे भुंगे दोऱ्याला बांधून विकणारा माणूस (तिसरे) आणि भिंत (नववे). प्राण्यांचे मीलन, दारू, बंदुका यांचे उल्लेख येतात. 'बर्ड्स, बीस्ट्स अँड रिलेटिव्ह्ज' मध्ये बाळंतपणाचा प्रसंग मोकळेपणाने लिहिला आहे. लहानांसाठीच लिहिलेली दोन: 'द डाँकी रस्लर्स' (1968) आणि 'द टॉकिंग पार्सल' (1974).

वाचून मूल काडेपेट्या गोळा करू लागले तर 'द ॲमॅच्युअर नॅचरलिस्ट' (1982, दुसरी पत्नी ली ड्युरेल यांच्यासह) द्या. कुरण, तळे, किनारा अशा अधिवासांनुसार काय पाहावे, नोंद कशी ठेवावी हे त्यात आहे.

13. दोन वेगळी पुस्तकं मागवली, निघालं एकच. असं कसं?

अमेरिकी आवृत्त्यांची नावे वेगळी आहेत. 'द गार्डन ऑफ द गॉड्स' तिकडे 'फॉना अँड फॅमिली', 'बीस्ट्स इन माय बेलफ्री' हे 'अ बेव्ही ऑफ बीस्ट्स', 'थ्री सिंगल्स टू ॲडव्हेंचर' हे 'थ्री टिकेट्स टू ॲडव्हेंचर'. मागवण्यापूर्वी मूळ प्रकाशनवर्ष पाहा.

दुसरा घोळ संक्षिप्त आवृत्त्यांचा. त्यांत पहिली कात्री निसर्गवर्णनाला लागते आणि मग प्रश्न 3 मध्ये सांगितले तसे विनोदाचे पाय जातात. 'माय फॅमिली' घेताना अनुक्रमणिकेत अठरा प्रकरणे आहेत का मोजा. श्राव्य पुस्तकांतही 'अब्रिज्ड' शब्द शोधा.

14. 'द ड्युरेल्स' मालिका आधी पाहिली. पुस्तक त्यासारखंच आहे का?

नाही. ती मालिका (2016 ते 2019, चार पर्व) आईची गोष्ट आहे. पुस्तक जेरीचे आणि प्राण्यांचे. आई आणि स्पिरो यांचे प्रेम मालिकेने रचलेले. मालिकेतला स्वेनही कॉर्फूच्या पुढच्या पुस्तकांत आहे तो अकॉर्डियन वाजवणारा शिल्पकार म्हणून, आईचा होणारा नवरा म्हणून नव्हे.

15. जन्म जमशेदपूरचा, तर भारतावर एखादं पुस्तक?

स्वतंत्र असे नाही. तीन वर्षांचे असतानाच ते इथून गेले. आठवण म्हणून येतो तो बालपणी भारतात पाहिलेल्या प्राणिसंग्रहालयाचा उल्लेख. आपण बोललेला पहिला शब्द 'झू' होता असेही ते सांगतात (प्रश्न 6 इथेही लागू). आई लुईझा यांचा जन्म मात्र रुरकीचा आणि लॉरेन्स यांचा जालंधरचा.

16. घरातल्या इतरांनी लिहिलेलं काही आहे का?

आहे, आणि तीच माणसे दुसऱ्या खिडकीतून पाहायला मजा येते. लॉरेन्स यांचे 'प्रॉस्पेरोज सेल' (1945) त्याच बेटावरचे, त्याच वर्षांचे. पण काव्यमय, इतिहासात रमणारे, आणि त्यात आईचा गोंधळ शोधूनही सापडत नाही. जेराल्डच्या चालीने वाचायला गेलात तर निराशा होईल. मार्गोचे 'व्हॉटेव्हर हॅपन्ड टू मार्गो?' (1995) बोर्नमथच्या तिच्या भाडेकरूंच्या घराबद्दल आहे. भावाइतकी सफाई नाही, पण विनोदाचे रक्त तेच. पहिली पत्नी जॅकी यांचे 'बीस्ट्स इन माय बेड' (1967) मोहिमांची दुसरी बाजू सांगते: हिशेब, सामान, आणि लिहायला टाळाटाळ करणाऱ्या नवऱ्याला टेबलाशी बसवणे. ते 'अ झू इन माय लगेज' नंतर लगेच वाचावे, म्हणजे तेच प्रवास दोन्ही बाजूंनी ताडून पाहता येतात.